वर्गात माती आणली, आता पुढं काय? (हातांचे खेळ आणि मुलांच्या मनातलं)

घंटा_झाली

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका प्राथमिक शाळेत दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. पट ३८. धागा काढायचं कारण एक मुलगा. मधली सुट्टी संपून रांग लागली की हा हमखास कुणाला तरी मारतो. धक्का लागला, कुणी पुढं घुसलं, एवढं पुरतं. "का मारलंस?" विचारलं की मान खाली, ओठ घट्ट. सॉरी म्हण म्हटलं की म्हणतो, आणि उद्या परत तेच.

गेल्या महिन्यात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतून दहा किलो मळलेली माती आणली. मारामारी झाल्या झाल्या त्याला मागच्या कोपऱ्यात बसवून पाटावर एक गोळा दिला. बोलले काहीच नाही. त्यानं तो गोळा असा आपटला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. उचलला, आपटला, चेपला, परत उचलला. दहाएक मिनिटांनी बोटं संथ झाली. मग गोळ्याला अंगठ्यानं खळगा करत, माझ्याकडं न बघता म्हणाला, "बाई, तो माझ्या डब्याला हसला."

जूनपासून पहिल्यांदा मला कारण कळलं.

आता माझे प्रश्न. ३८ जणांना हे कसं द्यायचं? कारण दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग "बाई, मला पण राग आलाय" म्हणत कोपऱ्यात. माती हातात असताना आपण बोलायचं की गप्प राहायचं? एक मुलगी मातीला बोटसुद्धा लावत नाही, तिचं काय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, यातून मूल स्वतःला आवरायला, दुसऱ्याला समजून घ्यायला खरंच शिकतं का? की मी फक्त त्याला शांत करायची एक युक्ती शोधलीय?

---

लाल_माती

बाई, लय भारी केलंसा. आमच्या तालमीत हे रोजचंच हाय. एखादं पोरगं घरनं तापून आलं, की वस्ताद त्याला कुस्ती धरू देत न्हाईत. पहिलं खोरं हातात. हौद्यातली माती उकर म्हणायचं. अर्धा तास उकरून घाम निघाला की मग लंगोट. तापलेल्या डोक्यानं कुस्ती धरली तर आपलं न्हाईतर समोरच्याचं हाड मोडतंय, हे वस्तादाला ठावं असतंय.

आणि मातीचा वास बघा की. तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून मुरवलेली माती. आज वय ५२, गुडघं गेलं, पण हौद्याजवळनं गेलो तरी छातीतली धडधड कमी हुतीय. कुस्तीआधी समोरच्याच्या अंगाला माती लावायची, हात मिळवायचा, मग झोंबायचं. ज्याच्या खांद्याला आपण हातानं माती लावली त्याच्यावर डूख धरता येत न्हाई. आम्ही असंच शिकलो.

---

निपुण_मास्तर

मॅडमची तळमळ कळते, पण मी वेगळं मत मांडतो. मीही दुसरीच शिकवतो. निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानाचं उद्दिष्ट आहे की २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड यावी. माझ्या वर्गात अकरा मुलं अजून जोडाक्षराला अडखळतात. त्यांच्या घरी पुस्तक नाही, शिकवणी नाही. शाळेतला तास हाच त्यांचा तास. तो मातीत गेला तर नुकसान त्याच मुलांचं. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते गरिबाच्या पोराला लिहिता-वाचता यावं म्हणून.

---

घंटा_झाली

मास्तर, तुमची काळजी माझीही आहे. पण तो मुलगा मारामारीनंतर पुढचे दोन्ही तास वाचतच नाही. ज्याला मारलं तोही नाही. आणि उरलेले ३६ जण त्या दोघांकडं बघत बसतात.

---

हातखेळ

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं आणि हालचाली जमाव्यात म्हणून मदत करणारी. लहान मुलांसोबत काम करते. लाल_माती यांच्या वस्तादांनी जे केलं त्याला आमच्यात 'हेवी वर्क' म्हणतात. खणणं, ओढणं, ढकलणं, मळणं. आपण शाळेत पाच ज्ञानेंद्रियं शिकलो, पण आणखी तीन संवेदना आहेत. एक तोलाची, कानाच्या आतली. दुसरी स्नायू आणि सांध्यांतून येणारी, जिच्यामुळं डोळे मिटूनही आपला हात कुठं आहे ते कळतं. तिसरी शरीराच्या आतली: भूक, धडधड, पोटात ढवळणं, लघवी लागणं. सांध्यांवर असा जोर पडला की बऱ्याच मुलांना जाग्यावर आल्यासारखं वाटतं. सगळ्यांना नाही, हेही लिहिते.

ताईंच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. माती स्वतः काही शिकवत नाही. तापलेल्या मुलाला आपलं बोलणं ऐकूच येत नसतं. माती त्याला ऐकण्याजोगा करते, आणि शिकणं त्यानंतरच्या पाच मिनिटांत होतं. "तो माझ्या डब्याला हसला" या वाक्यानंतर तुम्ही काय म्हणालात, त्यात सगळं आहे. म्हणून आधी गप्प राहायचं. बोटं संथ झाल्यावर एकच वाक्य, तेही प्रश्न नको. "डब्याला हसला म्हणून वाईट वाटलं." एवढंच म्हणून थांबा. चूक असेल तर मूल स्वतःच दुरुस्त करतं.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. मेंदू या सगळ्या संवेदना एकत्र कशा जुळवतो याचा, म्हणजे संवेदनांच्या एकत्रीकरणाचा सिद्धांत अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ए. जीन आयर्स यांनी मांडला, १९७२ साली त्यावर पुस्तक आलं. त्यावर आधारलेले उपचार खूप पसरले. पण २०१२ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं डॉक्टरांना सांगितलं की या उपचारांचा पुरावा मर्यादित आहे आणि पालकांना ते स्पष्ट सांगा. वर्गातला मातीचा गोळा हा उपचार नव्हे. चांगल्या शिक्षकाच्या हातातलं साधन आहे, आणि तेवढं म्हणून ते फार मोलाचं आहे.

---

आजीचा_बटवा

माझी नात ज्या बालवाडीत जाते तिथं परातीत ज्वारी आणि तांदूळ भरून मुलांना खेळायला देतात. मला ते बघवत नाही. आमच्या घरी दाण्याला पाय लागला तर नमस्कार करायची रीत. दुष्काळ बघितलेल्या माणसांनी लावलेलं वळण आहे ते. ताई, तुम्ही माती घेतलीत ते फार बरं केलंत. चिंचोके घ्या, सीताफळाच्या बिया घ्या, धुतलेली नदीची वाळू घ्या. फक्त चिंचोके नाकात घालणारी पोरं असतात, लक्ष ठेवा.

आणि एक. पावसाळ्यात रडत आलेल्या मुलावर माझी आई वाकळ टाकायची. जुन्या लुगड्यांची, पाच-सहा थरांची, वजनदार. वरून हात फिरवायची नाही, काही विचारायची नाही. वाकळेच्या वजनानंच आम्ही गप्प होत होतो. वर्गात एक वाकळ ठेवून बघा.

---

बाप_माणूस

हा धागा वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिझम). पहिलीत असताना त्याच्या शाळेत 'सेन्सरी डे' होता. रंग, जेली, शेव्हिंग फोम, ढोल, सगळं एका हॉलमध्ये. हेतू चांगला होता. त्याचा हात धरून फोममध्ये घातला गेला, कारण "एकदा लावला की भीती जाते". त्यानंतर चार महिने तो त्या हॉलच्या दारापुढं जाईना. आंघोळीला साबण लावू देईना.

घंटा_झाली ताई, तुमची ती मुलगी हट्टी असेल असं कृपया समजू नका. ओली माती तुमच्या-माझ्यासाठी गार आणि मऊ असते. माझ्या मुलाला ती चटका बसल्यासारखी लागते. तिला चमचा द्या, काडी द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेली माती द्या, वरून दाबू दे. किंवा नुसतं बघू दे. बघणंही भाग घेणंच आहे.

दुसरं. संवेदनांचा विचार म्हटलं की सगळे नवीन काय आणायचं ते बघतात. काय काढायचं ते बघत नाहीत. त्याच्या आताच्या शिक्षिकेनं पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी केल्या. फडफडणारी ट्यूब बदलून घेतली. बाकांच्या पायांना जुन्या सायकल-ट्यूबचे तुकडे बसवले, खरखर थांबली. आणि घंटा व्हायच्या आधी मिनिटभर त्याला बोट दाखवायच्या, म्हणजे तो कानावर हात ठेवून तयार. खर्च शंभर रुपयेही नसेल. त्या वर्षी तो पहिल्यांदा स्वतःहून एका मुलाशेजारी जाऊन बसला.

---

हातखेळ

बाप_माणूस, तुमची पोस्ट दोनदा वाचली. प्रत्येक शिक्षक प्रशिक्षणात ही आधी वाचून दाखवावी. जबरदस्तीनं हात घालणं कधीही नाही, कुणाचाही नाही. "नको" म्हणता येणं हेही मुलानं शिकायला हवं, आणि आपण ते ऐकतो हे त्याला दिसायला हवं.

---

सोळंकूरकर

वाचनखूण साठवली. बायको अंगणवाडी सेविका आहे, तिला रात्री वाचून दाखवतो.

---

गल्लीतला_कुंभार

मातीचा विषय निघालाय म्हणून सांगतो. शाडू लवकर वाळतो, तडकतो, मूर्तीला ठीक. पोरांना मळायला आमची गाळलेली काळी-तांबडी मिसळ बरी. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, वर्षभर टिकती. वाळली तर टाकू नका, फोडून पाण्यात भिजत घाला, पुन्हा गोळा. तळ्याकाठची नाहीतर शेतातली उचलून आणू नका, काचा असतात.

बेंदराच्या आधी आमच्याकडं बैलांची घाई असते. तेव्हा गल्लीतली पोरं येऊन बसतात. वांड पोराला मी शिंगं करायला देतो. शिंग लई जोरानं दाबलं तर मोडतं, हळू धरलं तर चिकटत नाही. दहा शिंगं मोडल्यावर अकरावं बसतं. तवर पोरगं गप्प झालेलं असतंय.

---

लाल_माती

@गल्लीतला_कुंभार, नाद खुळा! शिंगाचं लई पटलं.

---

नदीकाठची_शाळा

मी करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठच्या गावात शिकवते. २०१९ च्या ऑगस्टबद्दल लिहिते.

राजाराम बंधाऱ्यावर नदीची धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं गाव पाण्याखाली. मुलं बोटीतून निघाली, काहींची जनावरं डोळ्यांदेखत गेली. शाळा सुरू झाली तेव्हा भिंतींवर माझ्या खांद्यापर्यंत चिखलाची रेघ होती. पोरं हजर, पण पत्र्यावर पाऊस वाजला की वर्ग गोठायचा. हातातली पेन्सिल तशीच. एक मुलगी दप्तर भरून दाराशी जाऊन उभी राहायची, रोज. तिला "काही होत नाही, बस" म्हणण्यात अर्थ नव्हता. झालं होतं की.

मग मी पाऊस वर्गात आणला. आधी एका बोटानं तळहातावर टिचकी, सगळ्यांनी मिळून. थेंब. मग दोन बोटं, चार बोटं, मांडीवर थापा, बाकावर थापा, पाय आपटणं. धो धो. आणि नियम एकच: मधे उभं राहिलेल्या मुलानं हात वर केला की पाऊस वाढणार, खाली केला की कमी होणार, मूठ मिटली की थांबणार. प्रत्येकाची पाळी. आम्ही त्याला पाऊस-राजा म्हणायचो.

दप्तरवाली मुलगी आठ दिवस मधे आली नाही. नवव्या दिवशी आली. हात वर केला, पाऊस वाढवला, वाढवला, एवढा की बाकं हलायला लागली. आणि तशीच उभी. मला वाटलं आता ही कोसळणार. तिनं मूठ मिटली. वर्ग एकदम चिडीचूप. तिनं परत मूठ उघडली आणि परत मिटली. पाचदा. तिला खात्री करून घ्यायची होती.

२०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. तेव्हा ती मोठ्या वर्गात गेली होती. निवाऱ्याच्या शाळेत लहान पोरांना गोल बसवून हाच खेळ घेत होती, असं तिच्या आईनं मला सांगितलं.

---

निपुण_मास्तर

नदीकाठची_शाळा, निःशब्द.

---

शब्दवेडा

इथं बऱ्याच ठिकाणी मुलांना भावना शिकवायला हसरे-रडके पिवळे चेहरे लावतात. चार चेहरे, चार शब्द. मला त्यात एक कमी वाटते. आपल्या भाषेत भावना चेहऱ्यावर कमी आणि अंगात जास्त असतात. हातखेळ यांनी आतली संवेदना म्हटलंय, ती मराठीत पिढ्यान्‌पिढ्या बोलली जातेय. भीतीनं पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, हातपाय गळतात. रागानं तळपायाची आग मस्तकात जाते, कानशिलं तापतात. दुःखानं गळा दाटून येतो. काळजीनं जीव टांगणीला लागतो. कौतुक झालं की अंगावर मूठभर मांस चढतं.

माझी बहीण सांगलीकडं शिक्षिका आहे, तिनं केलेला प्रयोग सांगतो. मोठ्या खाकी कागदावर एका मुलाला झोपवून खडूनं बाह्यरेषा काढली. मग मुलांनी एकेक वाक्प्रचार म्हणायचा आणि तो अंगात जिथं होतो तिथं चिंचोका ठेवायचा. पोटावर चिंचोक्यांचा ढीग झाला. एक मुलगा म्हणाला, "मला राग आला की दात दुखतात." तो झोपेतही दात आवळायचा, आईलासुद्धा तेव्हाच कळलं. त्या कागदामुळं पोरांना "मला राग आलाय" म्हणायच्या आधीची पायरी सापडली: "बाई, कानशिलं तापायला लागलीत."

---

आजीचा_बटवा

अंगावर मूठभर मांस! किती दिवसांनी ऐकलं. माझी सासू म्हणायची, "जीव भांड्यात पडला." तेही घ्या त्या कागदावर, पण चिंचोका कुठं ठेवणार?

---

शब्दवेडा

आजी, शेजारी एक भांडंच ठेवायचं!

---

कोसबाडची_आठवण

यात नवीन काही नाही, हे मला आनंदानं सांगायचंय. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेकांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला. मारिया माँटेसरींचं साहित्य महाग, म्हणून ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शंख, शिंपले, बिया, पानं, दगड हेच साहित्य केलं. गुरं राखणारं मूल शाळेत येईना तर शाळा कुरणात नेली. माँटेसरींचा शांततेचा खेळही करून बघा. सगळे डोळे मिटून बसतात, आणि लांबून कुजबुजत एकेकाचं नाव घेतलं की त्यानं आवाज न करता उठून यायचं. आपलं नाव कुणीतरी इतक्या हळू, इतक्या मायेनं घेतंय, हे ऐकणाऱ्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मास्तरांसाठी: ३ ते ८ वर्षांसाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये आला. दुसरी त्यातच येते. त्यात भावनिक विकास वाचनाच्या बरोबरीनं धरलाय. तुम्ही तास चोरत नाही.

---

निपुण_मास्तर

मान्य. पण आराखड्यात असणं आणि चाळीस मिनिटांत बसणं यात फरक आहे. पुरावा काय, हेही मला बघायचं होतं. शोधलं तेव्हा २०११ चा एक मोठा आढावा सापडला. २१३ शालेय कार्यक्रम, २ लाख ७० हजारांवर विद्यार्थी. भावनिक-सामाजिक शिक्षण मिळालेली मुलं अभ्यासातही न मिळालेल्यांपेक्षा ११ पर्सेंटाइलनं (शंभर जणांच्या क्रमवारीत साधारण ११ जागांनी) पुढं होती. मी लिहिलं होतं की नुकसान त्याच मुलांचं, तेवढं मागं घेतो. अर्थात त्या कार्यक्रमांत शिकवणं नीट आखलेलं होतं, नुसती माती दिलेली नव्हती. आखणीशिवाय कोपरा केला तर तो गोंधळाचा कोपरा होतो, हे माझं मत कायम आहे.

उद्यापासून परिपाठानंतर तीन मिनिटं पाऊस-राजा घेतो. तीनच.

---

हातखेळ

मास्तर, तीन मिनिटं रोज, हे आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा कितीतरी चांगलं. ३८ मुलांचं उत्तरही त्यातच आहे. सगळ्यांना माती नको. सगळ्यांना मिळून पाऊस, आणि कोपरा गरज लागेल त्याला. रांग हाच जर भडकायचा क्षण असेल तर त्या मुलाला रांगेच्या आधी काम द्या. पाण्याची कळशी उचलणं, वह्यांचा गठ्ठा कार्यालयात नेणं. शिक्षा म्हणून नाही, जबाबदारी म्हणून.

---

घंटा_झाली

पाच आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. मधे घटक चाचणी होती.

बाप_माणूस, तुमचं ऐकून आधी काढायचं ते काढलं. रांग मोडली. आता दोन दारांनी, अर्धे-अर्धे आत येतात. ती मुलगी पिशवीतली माती दाबते. परवा पिशवीला भोक पडलं आणि बोटाला माती लागली. तिनं बोट बघितलं, फ्रॉकला पुसलं आणि दाबणं चालू ठेवलं. मी काही बोलले नाही.

खाकी कागद भिंतीवर आहे. आमच्या वर्गात सगळ्यात जास्त चिंचोके घशावर निघाले, मला अपेक्षा नव्हती. भांडंही ठेवलंय, आजी. घरी जायच्या वेळी तिघं-चौघं त्यात चिंचोका टाकून जातात.

माझा पठ्ठ्या मधली सुट्टी संपायच्या आधी खिचडीचं रिकामं पातेलं जोडीदारासोबत धुवायच्या जागेपर्यंत नेतो. मारणं थांबलं का? नाही. पाच आठवड्यांत तीनदा मारलं. आधी रोज होतं. तिसऱ्या वेळी मारून झाल्यावर स्वतःच कोपऱ्यात गेला आणि गोळ्याचे दोन भाग केले. एक स्वतः घेतला, दुसरा ज्याला मारलं होतं त्याच्यापुढं पाटावर ठेवला. तो पोरगा रडत होता. दोघं शेजारी बसून पाट बडवत राहिले, एकमेकांकडं न बघता. मी फळ्याकडं तोंड करून उभी होते, कारण माझाच गळा दाटून आला होता. थोड्या वेळानं मागून आवाज आला, "तुझ्या डब्यात काय असतंय रे रोज?"

माती संपत आलीय. शनिवारी कुंभार गल्लीत येणार आहे.

---

गल्लीतला_कुंभार

सकाळी दहाच्या आत या बाई, नंतर भट्टी लावायचीय. पंधरा किलो मळून ठेवतो. गोणपाट घेऊन या.

---

निपुण_मास्तर

पाच किलो माझ्यासाठीही सांगा.